कचोरीची फ्रँचायझी घेऊ का, सर?



मागच्या महिन्यात चिखलीकडच्या एका मुलाचा फोन आला. वय सव्वीस, बी.एस्सी. झालेला, दोन वर्षं पोलीस भरती आणि एक वर्ष तलाठी भरतीच्या मागे घालवून दमलेला. आवाजात घाई होती. "सर, शेगाव कचोरीची फ्रँचायझी भेटून राहिली. तीन लाख फी, दोन लाखांचं सामान. पंचवीस हजार टोकन देल्लं. बाकीचे शनिवारपर्यंत द्यायचे हायेत. घेऊ का?"

मी विचारलं, पैसे कुणाचे?

"बाबाचे. सोयाबीन इकलं, अन् थोडे सोसायटीचे."

सोसायटीचे म्हणजे पीककर्जाचे. पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताचे पैसे दुकानाच्या डिपॉझिटमध्ये जाणार होते. फोन सोमवारी आला होता. हातात पाच दिवस होते.

हा प्रश्न मला शेगाव, खामगाव, अकोला, जळगाव, सगळीकडून येतो. कधी कचोरीऐवजी चहा असतो, कधी मिसळ, कधी वडापाव. म्हणून त्या पाच दिवसांत आम्ही दोघांनी जे केलं ते इथे लिहितोय. आकडे आणि गाव सोडून बाकी काही सांगणार नाही, पोराचं नाव तर नाहीच.

शेगावात कचोरी का खपते?

त्याला पहिलं काम दिलं ते शेगाव स्टेशनवर जाऊन उभं राहायचं. तो म्हणाला, "सर, शेगाव मले मालूम हाये, लहानपणापासून जातो." म्हटलं, दर्शनाला जातोस. आता धंदा बघायला जा.

या कचोरीची सुरुवात १९५० च्या सुमारास पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी केली, असं शेगावात सांगतात. जागा होती रेल्वे स्टेशन. हे स्टेशन मुंबई-नागपूर-हावडा मार्गावर, भुसावळ आणि अकोल्याच्या मध्ये. रेल्वे इकडे आली ती भक्तांसाठी नाही, कापसासाठी. १८६७ मध्ये लाइन नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा काढला गेला. गजानन महाराज शेगावात प्रकटले ते २३ फेब्रुवारी १८७८ ला, म्हणजे रेल्वे आल्यानंतर अकरा वर्षांनी. रूळ आधी, गर्दी नंतर. (आपल्याकडे उलटं चालतं. आधी दुकान थाटायचं, मग गर्दीची वाट बघायची.)

आता त्या प्लॅटफॉर्मवरचं गिऱ्हाईक डोळ्यासमोर आणा. गाडी थांबणार दोन-तीन मिनिटं. त्याला भूक आहे, पण उतरायची भीती आहे. प्लेट नको, चमचा नको, रस्सा तर नकोच, सांडेल. सुटे पैसे हातात आहेत. अशा माणसाला काय विकता येईल? कागदात गुंडाळलेली, गरम, हातात मावणारी, आत मुगाच्या डाळीचं कोरडं सारण असलेली आणि सोबत तळलेली हिरवी मिरची असलेली वस्तू. चटणी नाही मिळाली तरी चालते. एक खाल्ली आणि चार घरी नेल्या तरी संध्याकाळपर्यंत खराब होत नाहीत. कोरडं सारण टिकतं, म्हणून प्रवासात चालतं, म्हणून स्टेशनवर खपतं. चव महत्त्वाची आहेच, पण ती या गणितात बसलेली चव आहे.

दुसरी गंमत बघा. शेगाव संस्थानात महाप्रसाद मोफत मिळतो. भक्त पोटभर जेवून बाहेर पडतो. ज्या गावात जेवण फुकट आहे तिथे साधी थाळी विकणं किती अवघड असेल? पण कचोरी जेवणाशी स्पर्धाच करत नाही. ती जेवणाआधी खातात, नंतर खातात आणि घरी घेऊन जातात. "शेगावला गेला होतास, कचोरी नाही आणली?" हे वाक्य विदर्भात ज्याने ऐकलं नाही असा माणूस मला भेटायचा आहे. म्हणजे विकली जाते ती वस्तू अर्धी खाऊ आहे आणि अर्धी आठवण. बाहेरगावी नेणाऱ्यांसाठी अर्धी तळलेली कचोरी मिळते तीही याच कारणामुळे.

आणि गर्दीचे वार ठरलेले. गुरुवार, रविवार, एकादशी, प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी. सोमवारी दुपारी त्याच रस्त्यावर तुम्हाला वेगळं शेगाव दिसेल.

पोरगा मंगळवारी जाऊन आला. त्याने एक गोष्ट बरोबर टिपली होती, जी माझ्या लक्षात आली नव्हती. म्हणाला, "एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, सर. ते लोक दारात येऊन मांगतात, नाहीतर जाऊ देतात. जनरल अन् स्लीपरवालेच जास्त घेतात." शाब्बास. जो माणूस खिडकी बघतो तो धंदा करू शकतो.

मग त्याला विचारलं, तुझ्या दुकानासमोर दोन मिनिटं कोण थांबतं?

चिखलीत रेल्वे नाही. त्याची ठरवलेली जागा एसटी स्टँडच्या रस्त्याला होती. तिथला माणूस शाळेचा, दवाखान्याचा, तहसील कार्यालयाचा. त्याला शेगावची आठवण घरी न्यायची नाही. फार तर शेगावला जाणं जमलं नाही म्हणून एखादा घेईल. मग त्याला काय हवंय? हे आपल्याला माहीतच नव्हतं, आणि पाच लाख मात्र ठरले होते.

नाव कुणाचं?

आता फ्रँचायझीवाला विकतो काय? मुख्यतः नाव. म्हणून नावाचं समजून घ्या.

नावं दोन प्रकारची असतात. राजस्थानातलं उदाहरण घेऊ. "बिकानेरी भुजिया" हे भौगोलिक निर्देशन आहे, म्हणजे जीआय. ते कोण्या एका दुकानाचं नाही. त्या भागात ठरलेल्या पद्धतीने भुजिया बनवणाऱ्यांचं ते सामायिक नाव. आणि "हल्दीराम" हा ट्रेडमार्क, एका घराण्याचा, एका कंपनीचा. त्याच बिकानेरातून निघालेलं हे नाव आपल्या नागपुरात मोठं झालं. २०२५ मध्ये हल्दीरामच्या दिल्ली आणि नागपूरच्या नमकीन कंपन्या एकत्र झाल्या आणि सिंगापूरच्या टेमासेकने सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. ही बातमी आल्यावर आठ दिवस मला एकच मेसेज येत होता, "सर, नमकीनमध्ये खूप पैसा आहे ना?" आहे. पण टेमासेकने भुजियाचे पैसे दिले नाहीत. जे नाव दुसरा कोणी वापरू शकत नाही, त्याचे दिले.

आपल्याकडे ट्रेडमार्कचा कायदा १९९९ चा आहे. त्यातल्या कलम ९ नुसार नुसतं गावाचं नाव, जे माल कुठला आहे एवढंच सांगतं, ते एकट्याच्या मालकीचं म्हणून सहसा नोंदवलं जात नाही. सोपं करून सांगतो. "शेगाव कचोरी" एवढीच पाटी असेल तर उद्या तुमच्या समोरच्या टपरीवर तीच पाटी लागू शकते, आणि तुम्ही तीन लाख देऊनही त्याला अडवू शकणार नाही. फ्रँचायझीवाल्याचं स्वतःचं वेगळं नाव, वेगळं चिन्ह नोंदलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून त्याला तीन गोष्टी मागायला सांगितल्या. ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक आणि वर्ग. खाद्यपदार्थाला वर्ग ३० असतो, हॉटेल-सेवेला ४३. सरकारच्या संकेतस्थळावर तो क्रमांक फुकटात तपासता येतो. दुसरं, आधी घेतलेल्या पाच दुकानदारांचे पत्ते, त्यात एक बंद पडलेला हवाच. तिसरं, कराराचा मसुदा पैसे देण्याआधी. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा असा कायदा नाही, जे काही आहे ते त्या करारात आहे. करारात लिहिलं नसेल ते तोंडी कितीही गोड असो, कोर्टात चालवणं अवघड. आणि हो, फीवर १८ टक्के जीएसटी लागतो का तेही विचार. तीन लाखांवर ते ५४,००० होतात, आणि ते पोराच्या हिशोबात नव्हते.

एका कचोरीचा हिशोब

बुधवारी आम्ही फोनवर वही काढली. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावात भाडं वेगळं, कारीगर वेगळा. पण पद्धत हीच ठेवा.

विक्री किंमत १५ रुपये. स्वतः बनवली तर मैदा, डाळ, तेल, मसाला, मिरची, कागद मिळून ७ रुपये. हातात ८ राहिले. महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं १२,०००, कारीगर १५,०००, मदतनीस ९,०००, गॅस ६,०००, लाइट-पाणी-नासाडी-किरकोळ ६,०००. झाले ४८,०००. गॅस इथे घरगुती सिलिंडरचा धरू नका, तो धंद्यात चालत नाही. १९ किलोचा निळा घ्यावा लागतो आणि त्याचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो.

पोराने इथेच भागाकार केला आणि खूश झाला. मी म्हटलं, थांब, तुझा पगार कुठे आहे? दिवसभर तू गल्ल्यावर बसणार, ते फुकट? घरखर्चाला २०,००० धर. एकूण ६८,०००. भागिले ८. महिन्याला ८,५०० कचोऱ्या, दिवसाला २८३.

आता फ्रँचायझीचा. सारण आणि मैद्याचे गोळे त्यांच्याकडूनच घ्यायचे, कचोरीमागे एकूण खर्च साडेनऊ. विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी, म्हणजे ७५ पैसे. हातात उरले पावणेपाच. करार पाच वर्षांचा, म्हणून तीन लाख फी साठ महिन्यांवर वाटली, महिन्याला ५,०००. एकूण ७३,०००. भागिले ४.७५. दिवसाला ५१२.

फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

अजून संपलं नव्हतं. दिवसाला ५१२ म्हणजे वर्षाची विक्री २८ लाखांच्या वर. बसून-उभं राहून खायचं दुकान बहुतेक वेळा जीएसटीत रेस्टॉरंट सेवा धरलं जातं, आणि सेवेला नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. मालाच्या विक्रीला ४० लाख असते, ते ऐकून बरेच जण गाफील राहतात. कंपोझिशनमध्ये गेलात तर रेस्टॉरंटला ५ टक्के, आणि ते गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत, तुमच्या खिशातून. म्हणजे अजून ७५ पैसे गेले. हातात ४ रुपये, दिवसाला ६०८. दहा तास दुकान उघडं धरलं तर दर मिनिटाला एक कचोरी, पावसाळ्यात सुद्धा.

स्वतःची २८३ ची विक्री केली तर वर्षाला साडेपंधरा लाख, नोंदणीच्या मर्यादेच्या आत. त्याच दुकानात, तीच वस्तू.

मी असं म्हणत नाही की फ्रँचायझी वाईटच असते. ज्या नावामुळे गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येतं, ते नाव पैसे मागणारच. प्रश्न एवढाच की ते नाव तुमच्या गावात रोज सव्वातीनशे जास्तीच्या कचोऱ्या विकून देईल का.

बातमी कुणाच्या बाजूची?

इथे पोराने एक चांगला प्रश्न विचारला. "सर, तेल वाढलं तर?"

तेलाची गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दुहेरी आहे, म्हणून थोडी सविस्तर. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने खाद्यतेलाचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर सगळं धरून ५.५ टक्के होतं ते २७.५ झालं, रिफाइंडवर १३.७५ चं ३५.७५. कारण होतं सोयाबीन शेतकरी, बाजारात भाव हमीभावाखाली पडले होते. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. शुल्क वाढलं, किराणा दुकानात तेलाचा डबा लगेच महागला, पण सोयाबीन बाजार समितीत हमीभावाच्या खालीच विकलं गेलं. मग ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा १६.५ वर आणलं. हमीभाव मात्र २०२५-२६ साठी ५,३२८ केला.

या पोराच्या घरात बाप सोयाबीन विकतो आणि मुलगा तेल विकत घेणार. एकाच जेवणाच्या ताटावर एकाला चांगली वाटणारी बातमी दुसऱ्याला वाईट. मी त्याला म्हटलं, बाबांना विचार, शुल्क वाढलं तेव्हा तुमच्या हातात किती जास्त आले? आणि तू हिशोब कर. एक लिटर तेलात साठ कचोऱ्या निघाल्या आणि लिटरमागे २० रुपये वाढले तर कचोरीमागे ३३ पैसे. महिन्याच्या ८,५०० वर सुमारे २,८०० रुपये. तेही एकदाच वापरलेलं तेल धरून नाही, आणि पुन्हापुन्हा तापवलेलं तेल वापरायला मर्यादा आहे. एफएसएसएआयचा नियम आहे, तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकायचं. टाकलेलं तेलही हिशोबात लिहा. नव्या दुकानदाराचा नफा बऱ्याचदा कढईच्या तळाशी गेलेला असतो.

दुसरी बातमी जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सुट्या नमकीनवर तो आधीच ५ होता. "स्वस्त झालं" एवढंच आपण वाचलं. धंद्याच्या नजरेने वाचा. सुटं विकणाऱ्याला करात जो फायदा होता तो संपला. मोठ्या कंपनीचं पाकीट आता तुमच्या बरणीच्या आणखी जवळ आलं. उलट, जो घरगुती चिवडा-शेव पाकिटात भरून विकायचं म्हणतोय, त्याला पाकीट करण्याची भीती कमी झाली. नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांवरही १२ चे ५ झाले. गरम कचोरी विकणाऱ्याला यातलं थेट फारसं काही नाही.

तिसरी बातमी जुलै २०२५ ची, कर्नाटकातली. तिथे यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यात भाजीवालेही होते. दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले, "फक्त रोख" च्या पाट्या लागल्या. आपल्याकडेही मला विचारलं गेलं, यूपीआय बंद करू का? नका करू. भाजीसारख्या करमुक्त मालाची विक्री असेल तर तो हिशोब दाखवता येतो. आणि रोखीने विकलं म्हणून विक्री कमी होत नाही, फक्त दिसत नाही. ती न दिसणारी विक्री उद्या बँकेत मुद्रा कर्ज मागताना तुमच्या कामाची राहत नाही. मर्यादेच्या किती जवळ आलो, ते महिन्याला एकदा वहीत बघा, एवढं पुरेसं आहे.

शनिवार

गुरुवार-शुक्रवार त्याला स्टँडसमोर बसवलं. वहीवर रेघा मारायच्या, कोण काय खातो, किती वाजता. शुक्रवारी रात्री त्याने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. अक्षर वाकडं, पण हिशोब चोख. सकाळी सात ते दहा पोहे आणि आलुबोंडा. दहा ते चार नुसता चहा. चारनंतर कचोरी-समोसा. स्टँडसमोर आधीच दोन कचोरीवाले आहेत आणि गुरुवारी, आठवड्यातल्या चांगल्या दिवशी, दोघांच्या मिळून २६० गेल्या.

दोघांच्या मिळून. आणि आपल्याला एकट्याला हव्या होत्या ६०८.

कागद मागितल्यावर समोरून उत्तर आलं होतं, "आधी पैसे भरा, कागद मंग देतो. बाकीच्या लोकायनं तर काही इचारलं नाही."

शनिवारी दुपारी फोन आला. बाबांशी बोलणं झालं होतं. बाबा म्हणाले होते, पंचवीस हजार गेले तर गेले, एक पाऊस कमी पडला असं समजू, सोसायटीचे पैसे सोसायटीच्या कामाला लाव. टोकनची पावती आहे का विचारलं, तर होती, पण तिच्यावर "परत मिळणार नाही" असं छापलेलं. तरी मी त्याला एक लेखी अर्ज द्यायला सांगितला, कागद मागितले आणि दिले नाहीत म्हणून रक्कम परत करा, असा. बघू.

मग तो म्हणाला, "सर, एक गाडा भाड्यानं भेटून राहिला, दोनशे रुपये रोज. सकाळी सात ते दहा, पोहे अन् आलुबोंडा. महिनाभर करून पायतो. चारनंतर कचोरी, थोडीच, पन्नास-साठ. मावशी शिकवते म्हणते."

मी त्याला एफएसएसएआयची नोंदणी आधी करायला सांगितली आणि नगरपरिषदेत फेरीवाल्याच्या प्रमाणपत्राची चौकशी. ते किंवा शिफारसपत्र मिळालं तर पीएम स्वनिधीतून पहिल्या टप्प्यात १५,००० पर्यंत कर्ज मिळतं, बाबांना हात पसरायची गरज नाही.

काल सकाळी सव्वासातला त्याचा फोटो आला. गाड्यावर पोह्यांचं पातेलं, बाजूला वही. खाली लिहिलं होतं, "सर, पोहे किती भिजवावे ते चुकलं. दीड किलो उरले. वहीत लिहू का?"

मी लिहिलं, सगळ्यात आधी तेच लिही.